ओला पेंटर

या, अशा जवळ सरका. आणि काय हो, तुम्हीसुद्धा त्याला ‘ओला पेंटर’च म्हणता? कान पिळायला पाहिजेत तुमचे. अर्थात आधी माझे. कारण ते नाव बारशाविना मीच ठेवलं.

जालन्यातल्या आमच्या गल्लीची शाळा, समाजमंदिर, विहार, सगळ्या भिंती त्यानंच रंगवलेल्या. कुठंही गेला की डबा खाली ठेवायचा, बोटाच्या पेरानं भिंत ठोकायची आणि कान लावायचा. डॉक्टर पाठ ठोकून बघतात ना, तसा. “आधी भित्तीला इचारू द्या, मंग रंगाचं बोला.” एकदा विहाराच्या कमिटीनं घाई केली, तर म्हणाला, “भित्त न्हाई म्हणून राह्यली, मी कसा हो म्हणू?” कमिटी तीन दिवस भिंतीच्या होकाराची वाट बघत बसली.

घरी उर्दू बोलायचा, पण शाळेत सुविचार लिहायला लागला की मास्तर लोक त्याच्या अक्षरावरून आपल्या वेलांट्या तपासून घेत. मला तो आपा म्हणायचा, मी त्याला पेंटरभाई.

तर त्या वर्षी शाळा बघायला मोठे साहेब येणार होते. साहेब येणार म्हटलं की शाळेत शिकवणं थांबतं आणि रंगकाम सुरू होतं, हे तुम्ही बघितलंच असेल. पहिलीच्या वर्गाची मागची भिंत यानं ठोकली, कान लावला, आणि कान काढेचना.

हेडमास्तरांना म्हणाला, “सर, गिलावा आतून सुटला. पोकळ वाजून राह्यला. खाली बारकी पोरं बसतात.”

“वरून चांगला दिसतो ना?”

“दिसतो.”

“मग द्या रंग. साहेब ठोकून बघत नसतात.”

“पोरं तरी दुसरीकडं बसवा.”

“अहो, साहेबांना वर्ग भरलेला दिसला पाहिजे!”

दोनदा सांगून झालं. तिसऱ्यांदा यानं सुंदर अक्षरात अर्ज लिहून दिला. हेडमास्तरांनी अक्षराची तारीफ केली आणि कागद फाईलीला लावला.

मग यानं मुकाट्यानं रंग दिला. वर पांढरा, आणि खाली, पोरं बसली की पाठ टेकेल तिथपर्यंत, ऑइलपेंटचा हिरवा पट्टा. साहेब दारातूनच बघून खूश होऊन गेले. संध्याकाळी माझी नात घरी आली ती पाठीवर हिरवा पट्टा घेऊन. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. रंग वाळायचं नावच घेईना. पोरांच्या पाठी हिरव्या, आयांची तोंडं लाल. त्यांत सगळ्यांत मोठं तोंड कुणाचं, ते मी कशाला सांगू?

“पेंटरभाई,” शाळेच्या दारात मी ओरडले, “रंग दिला का शिरा थापला?”

“माल खराब निघाला, आपा.” मान खाली.

“कसला पेंटर! ओला पेंटर!”

बायका खो खो हसल्या. नाव चिकटलं, रंगापेक्षा घट्ट चिकटलं. तेवढ्यानं माझं पोट भरेना. समाजमंदिर रंगवायचं निघालं होतं, तिथल्या कमिटीला जाऊन सांगितलं, याला हात लावू देऊ नका. काम दुसऱ्याला गेलं.

आमच्या कटकटीला कंटाळून हेडमास्तरांनी पहिलीचा वर्ग व्हरांड्यात काढला. चौथ्या दिवशी, तिथं पाढे चालू असताना, आत त्या भिंतीचा गिलावा धाडकन खाली आला. पोरं बसायची तिथं गुडघाभर ढीग. हिरवा. ओलाच.

मी तशीच उठून त्याच्या घरी गेले. कोपऱ्यात जवसाच्या कच्च्या तेलाचा डबा रिकामा पडलेला.

“हे जास्ती टाकलं की रंग लौकर वाळत न्हाई,” तो म्हणाला. “अर्ज दिला तर फाईलीला लागला. मंग म्हटलं, पोरांच्या पाठीलाच लावावा.”

“आणि आम्ही नुसते कपडे धूत बसलो असतो तर?”

“बाकीच्यांचं ठाऊक न्हाई. तुमच्या तोंडावर भरवसा होता, आपा. बिलकुल पक्का.”

मी गल्लीभर खरं सांगत फिरले. लोक म्हणाले, “आता कशाला सारवासारव करता?” पोरांना वेळीच बाहेर काढलं म्हणून हेडमास्तरांचा सत्कार झाला. शाल, नारळ, तेच नवं रंगवलेलं समाजमंदिर. फलक मात्र यानं लिहिला. ‘दूरदृष्टी’ या शब्दाचं वळण बघत राहावं असं होतं. आणि अक्षरं तासाभरात खडखडीत वाळली. कुणाच्या ध्यानात आलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. जनाजा दारावरून चालला होता, तेव्हा कोपऱ्यावर कुणीतरी म्हणालं, “ओला पेंटर गेला.” चांगलं झापायचं होतं त्याला. पण या तोंडावर भरवसा ठेवणाराच समोरून चालला होता.

नातीचा तो फ्रॉक मी ठेवलाय. लवकर या घरी, दाखवते. खुशाल हात लावून बघा. आता वाळलाय.