पाहुणे आणणारा गोरख

मखमलाबादच्या गोरखचं खरं नाव गोरक्ष, पण ते फक्त आधार कार्डावर. गुलाब-झेंडूचं दीड एकर, बायको उज्वला, आणि फुलं वाहायची एक पांढरी जुनी व्हॅन, एवढाच त्याचा पसारा. दहावीच्या परीक्षेला बसला नाही तो नाहीच बसला. त्याचं त्याला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटायला लागलं ते क्लबात गेल्यावर.

गंगापूर रोडला गोदाकाठ सेवा क्लब आहे. डॉक्टर, बिल्डर, सीए, क्लासेसवाले, असले सगळे मेंबर. डोळे तपासणी करतात, पेठकडच्या शाळेत पोरींना सायकली देतात, आणि महिन्यातून एका रविवारी बाहेरून वक्ता बोलवतात. एकदा रक्तदान शिबिराला गोरख फुलं पोचवायला गेला. फुलं उतरवली, बाही वर केली आणि कुणी न सांगता खाटेवर आडवा झाला. क्लबचे अध्यक्ष डॉक्टर सुनील, ते दातांचे डॉक्टर, त्यांना हे लय आवडलं. त्यांनीच त्याला मेंबर केलं.

मेंबर झाला, पण बोलायचं काय? मीटिंगला शेवटच्या रांगेत बसायचा. बाकीचे एकमेकांना टाळ्या देऊन हसायचे, हा जेवणाची वाट बघायचा. मग एकदा पाहुण्यांची गाडी ओझरला बंद पडली. गोरख व्हॅन घेऊन गेला आणि त्यांना घेऊन आला. त्या दिवसापासून पाहुणे आणायचं काम त्याचं झालं.

लोकांना वाटायचं, हा ड्रायव्हरकी करतो. करू दे वाटायला. गोरखला काय सापडलं होतं ते त्याचं त्यालाच माहीत. स्टेजवर माणूस बोलतो ते इस्त्री करून आणलेलं असतं. गाडीत बोलतो ते अंगावरचं. हिमालय चढून आलेला एक जण त्याला बोलला होता, मला कुत्र्याची लय भीती वाटते. एक रिटायर जज पिंपळगावच्या टोलपासून आडगावपर्यंत फक्त मुलाबद्दल बोलले, फोन करत नाही म्हणून. मग हॉलमध्ये तीच माणसं भाषण करायची, समोर डॉक्टर-बिल्डर माना हलवायचे, आणि शेवटच्या रांगेत गोरख मनात म्हणायचा, तुम्हाला काय माहिती. हीच त्याची श्रीमंती. दुसरी नव्हती.

ती गेली झेंडूच्या पाकळ्यांपायी. सकाळी मार्केटला फुलं टाकून तो तसाच पाहुणे आणायला गेला, सीट झाडायची राहिली. पाहुणे स्टेजवर फळ्याकडं वळले तर पँटच्या मागं सगळ्या पिवळ्या पाकळ्या. हॉल हसला. पाहुण्यांना कळेना का हसतात.

पुढच्या मीटिंगला डॉक्टर सुनील त्याला बाजूला घेऊन बोलले, "गोरखराव, मनाला लावून घेऊ नका. रोहितने नवीन गाडी घेतली आहे. पाहुण्यांना जरा आरामात येता येईल. तुम्हालाही किती त्रास द्यायचा."

"त्रास कसला डॉक्टर," गोरख बोलला.

"नाही नाही, आता तुम्ही निवांत बसायचं."

रोहित म्हणजे ट्रॅक्टर शोरूमवाल्याचा पोरगा. गाडी उंच, काळी, आत शिरलं की हॉटेलात शिरल्यासारखा वास. आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोरगा चांगला होता. गोरखला बघितलं की "भाऊ, भाऊ" करायचा, मोठ्यांच्या पाया पडायचा. शिव्या घालाव्या तर जागाच ठेवत नव्हता.

मग व्हॉट्सॲपवर फोटो यायला लागले. रोहित आणि पाहुणे मिसळ खाताना. रोहित आणि पाहुणे द्राक्षाच्या बागेत. एका फोटोत पाहुण्यांचा हात रोहितच्या खांद्यावर. गोरख तो फोटो बोटांनी मोठा करून बघायचा. एवढं काय बोलणं झालं असेल, की खांद्यावर हात आला? जजसाहेबांनी त्याच्या खांद्यावर कधी हात ठेवला नव्हता.

उज्वलाने बघितलं. "अहो, सवत आलीये काय तुमच्यावर?"

"काय नाय."

"मग जेवा ना. भाकरीकडं बघायचं सोडून त्या पोराला काय बघता?"

"त्याला रस्ते तरी माहिती का? मोबाईल लावून गाडी चालवतो."

"पोचतो ना पण?"

गोरखने फोन उलटा ठेवला. पोचत होता, हेच तर दुखत होतं.

असे दोन-तीन वक्ते गेले आणि ग्रुपवर पुढच्या रविवारचं नाव पडलं. नवसाबाई, देवळा. साठीच्या जवळची बाई, स्वतः पिकअप चालवते, गावाचा कांदा मार्केटला नेते. खाली लिहिलेलं: पाहुण्यांना आणण्याची जबाबदारी रोहित.

गोरखच्या डोक्यात जाळ झाला. कारण हे नाव क्लबला दिलं होतं त्यानेच. फूल बाजारात देवळ्याच्या एका शेतकऱ्याकडून त्याने बाईबद्दल ऐकलं, नंबर मिळवला, डॉक्टरांना दिला. तेव्हापासून त्याने किती वेळा मनातल्या मनात तिला व्हॅनमध्ये बसवून आणलं होतं. आणि आता ती त्या काळ्या गाडीत बसणार, सगळं त्या पोराला सांगणार, आणि गोरखने शेवटच्या रांगेत बसून इस्त्रीचं ऐकायचं.

त्याने शनिवारी व्हॅन धुतली. पाइप मारून, ब्रशने घासून, सीटच्या फटीत काडी घालून एकेक पाकळी काढली. उज्वला ओट्यावर उभी राहून बघत होती. मग आत जाऊन तिने सीटवर टाकायला नवी चादर आणून दिली.

रविवारी रोहित आठला निघणार होता. आठला गोरख देवळ्यात नवसाबाईच्या दारात उभा.

"क्लबाने पाठवलंय मावशी," तो बोलला. अर्धं खरं होतं. क्लबचा मेंबर तर होताच.

"ते रोहित नावाचं पोरगं येणार होतं ना?"

"त्याला उशीर होणार. तुम्ही बसा."

नवसाबाई बसली. बुटकी, दणकट, नऊवारी, पायात बूट. तिने पहिल्यांदा क्लचकडं बघितलं. "पाय काढ त्याच्यावरून. जाळून टाकशील."

गोरखने पाय काढला, आणि फोनही बंद करून टाकला.

भावडबारीचा घाट लागला तरी बाई गप्पच. मग गोरख सहज बोलला, "पिकअप चालवणं म्हणजे बायामाणसाला अवघडच असेल."

"कोण बोललं अवघड?" झालं, बाई सुटली. तिची खोड त्याच्या लगेच लक्षात आली. विचारलं तर सांगत नव्हती, चुकीचं बोललं की गप्प बसवत नव्हतं तिला. मग काय, तो चुकतच गेला. तिने नवऱ्याचा पाय मोडला ते सांगितलं, कोरड्या पाझर तलावात गाडी शिकली ते सांगितलं. मार्केटच्या आवारात पहिल्यांदा गाडी मागं घेताना सगळे हमाल पोती सोडून बघत उभे राहिले तेही सांगितलं.

चांदवडला गोरखने चहाला गाडी थांबवली. पुढे पिंपळगावला परत थांबवली, उसाच्या रसाला. त्याला तिची गोष्ट संपूच नये असं वाटत होतं. खरं सांगायचं तर त्याला ती गाडीतच संपवायची होती. रोहितने, डॉक्टरांनी, हॉलमधल्या एकानेही नवीन काही ऐकू नये, सगळं आपल्याच गाडीत उतरून घ्यावं, एवढीच हाव. रस पिता पिता तो विचारत होता, "मग पुढं?" आणि ती सांगत होती.

अकराला मीटिंग, साडेअकराला व्हॅन हॉलपाशी आली. डॉक्टर सुनील गेटवरच होते, तोंड उतरलेलं.

"गोरखराव, हे काय? रोहितला देवळ्याहून रिकामं परतावं लागलं. तुमचा फोन बंद. आम्हाला वाटलं, ॲक्सिडेंट झाला की काय."

"चार्जिंग संपली डॉक्टर."

तेवढ्यात मागून काळी गाडी लागली. रोहित उतरला, घामाघूम. त्याने गोरखकडं बघितलं आणि वाकून नवसाबाईच्या पाया पडला. त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर गोरखला बरं वाटलं असतं.

स्वागत झालं, शाल-श्रीफळ झालं. नवसाबाई माईकसमोर उभी राहिली. समोरच्या माणसांकडं बघितलं, पंख्याकडं बघितलं, मग शेवटच्या रांगेकडं बोट केलं.

"त्या भाऊले बठं सांगी टाकं मी गाडीमा. आते त्यालेच इचारा," ती बोलली. म्हणजे त्या भावाला सगळं सांगून टाकलंय, आता त्यालाच विचारा. आणि खाली बसली.

आधी लोक हसले. मग कळलं, बाई खरंच उठत नाही. डॉक्टरांनी विनवलं. ती बोलली, "तेच तेच काय सांगू? तोंड दुखतंय माझं."

डॉक्टर सुनीलने गोरखकडं बघितलं. त्या बघण्यात राग होता आणि पुढचंही होतं: घातलास ना घोळ, आता निस्तर, नाहीतर या क्लबात परत तोंड दाखवू नको.

गोरख उठला. आयुष्यात पहिल्यांदा माईक हातात आला. त्याने सुरुवात केली. नवऱ्याचा पाय मोडला. मग बाई गाडी शिकल्या. मग कांदा नेला. गाडीत ऐकताना अंगावर काटा आला होता, तेच आता त्याच्या तोंडून पेपरातल्या बातमीसारखं निघत होतं. पुढच्या रांगेतला सीए मोबाईलमध्ये घुसला. कुणीतरी जांभई दिली. सगळ्यात मागं दाराशी रोहित हाताची घडी घालून उभा होता, आणि फक्त तोच नीट ऐकत होता. त्याचाच गोरखला सगळ्यात जास्त राग आला.

एवढी हाव केली, सगळी बाई एकट्याने पिऊन टाकली, आणि आता तिच्यातलं काहीच बाहेर काढता येत नाही.

त्याने खुर्चीवरच्या नवसाबाईकडं बघितलं. ती शालीचे गोंडे मोजत बसली होती. मग तो माईकमध्ये सावकाश बोलला, "तर मावशींना गाडी शिकवली ती त्यांच्या नवऱ्याने. लय प्रेमाने."

"कोणी?" नवसाबाईने मान वर केली.

"तुमच्या मालकांनी."

"त्यानं? तो काठावर दगडावर बसून शिव्या देत होता मला."

हॉल हसला. सीएने मोबाईल खाली ठेवला.

"म्हणजे बसून शिकवत होते," गोरख बोलला.

"अरे काय शिकवत होता? त्याला गाडी मागं घ्यायची अक्कल नव्हती, म्हणून तर पाय मोडला. दे तो माईक इकडं."

माईक गेला तो गेलाच. गोरख बाजूला उभा राहिला. ती थांबली की तो काहीतरी चुकीचं बोलायचा, ती त्याला झापायची आणि पुढं सुटायची. मार्केटमध्ये गाडी मागं घेतली तिथं तर पुढची रांग उभी राहून टाळ्या वाजवत होती. क्लबात असलं भाषण याआधी झालं नव्हतं, हे कुणालाही विचारा.

जेवताना डॉक्टर सुनीलने त्याच्या ताटात स्वतःच्या हाताने गुलाबजाम वाढला.

"गोरखराव, सकाळचं सोडून देऊ. पण यापुढं भाषण बंद. पाहुणे आणि तुम्ही, दोन खुर्च्या स्टेजवर. तुम्ही असंच बोलतं करायचं."

"आणि आणायला?"

"आणायला रोहित आहे ना. आता तुम्ही स्टेजवरचे माणूस."

"डॉक्टर, स्टेज रोहितला द्या. मला गाडी द्या."

डॉक्टर मोठ्याने हसले. शेजारच्या बिल्डरला बोलले, "बघा, याला म्हणतात साधेपणा." बिल्डरने गोरखची पाठ थोपटली. त्याच्या डोळ्यात गोरखला ते दिसलं, जे आरशात आपल्याच डोळ्यात किती दिवस दिसत होतं. बिल्डर कितीतरी वर्षं स्टेजवर बसायला टपलेला. इतरांना हेवा वाटावा असं काहीतरी गोरखला पहिल्यांदा मिळालं होतं, आणि ते त्याला नको होतं.

जेवण उरकून तो व्हॅनची चावी घेऊन बाहेर आला तर नवसाबाई काळ्या गाडीच्या पायरीवर पाय ठेवून होती.

"मावशी, मी सोडतो ना."

"नको भाऊ. ह्या पोराला सकाळी उगाच हेलपाटा पडला. याला बरं नाही वाटणार."

रोहितने तिचं दार लावलं. "गोरखभाऊ, तुम्ही आराम करा. आज तुमचं लय बोलणं झालं," तो बोलला. टोमणा होता की खरंच काळजी, गोरखला शेवटपर्यंत कळलं नाही.

गाडी गेटातून वळली. काचा बंद होत्या. आत नवसाबाई रोहितकडं वळून दोन्ही हात हवेत फिरवत काहीतरी सांगत होती, आणि रोहित मान मागं टाकून हसत होता. गोरखने तिची सगळी गोष्ट पहिल्यापासून आठवून बघितली. हात असे फिरवावे लागतील असं त्यात कुठंच काही नव्हतं.

मागून बिल्डर आवाज देत होता, "गोरखराव, फोटोला या, तुमच्यासाठी थांबलेत सगळे."

"आलो," तो बोलला, आणि रस्त्याकडंच बघत राहिला.