आबांनी निवडलेला कांदा

सुपडू आबा गेल्याचा फोन आला तेव्हा मी पंचवटीच्या भाजीबाजारात होते. कांदे घ्यायचे नव्हते, पण ढीग दिसला की हात घालून पाहायची खोड आबांनीच लावलेली. "घ्यायचे नाहीत तर चिवडू नका ना बाई," भाजीवाली वैतागली. तेवढ्यात नामपूरहून त्यांच्या सुनेचा फोन... "ताई, आबा गेले." मी हातातला कांदा तसाच धरून उभी राहिले.

नामपूर माझं सासर. बारा वर्षांपूर्वी हे गेले आणि शेत, कांदा साठवायची चाळ सगळं माझ्या गळ्यात पडलं. मी नाशिकला भूगोलाची मास्तरीण. जगातले सगळे वारे तोंडपाठ, पण चाळीत वारा कसा खेळवायचा ते ठाऊक नव्हतं. पहिल्याच वर्षी घाई केली, कांद्याच्या माना नीट सुकायच्या आत तो चाळीत भरला. श्रावणात वास सुटला. साठवलेला कांदा पारखण्यात आबांचा हात धरणारं पंचक्रोशीत कुणी नव्हतं, म्हणून त्यांना बोलावलं. ते चाळीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "पहिले तुमना हात घाला, ताई." मला रागच आला. मग तुम्हाला कशाला बोलावलं, असं म्हणालेही. ते हलले नाहीत. शेवटी मी फळ्यांच्या फटीतून कोपरापर्यंत हात घातला. एका जागी ऊब लागली. "इथे का?" मी विचारलं. "माले नका इचारू. कांदाच सांगस." उकरलं तर नेमके तिथलेच कांदे सडलेले. कुणाच्याही चाळीवर त्यांची हीच रीत. मालकाने आधी हात घालायचा, काय वाटतं ते सांगायचं, मग आबा बोलणार. त्यांच्यामुळे ती चाळ मी टिकवली, आणि चाळीने मला.

माझी लेक हवाई बेटांवर वनस्पतिशास्त्र शिकवते. एका सुट्टीत ती आबांबरोबर चाळीत फिरली आणि म्हणाली, "आई, तिकडे अशा माणसाला काहुना म्हणतात." मी म्हटलं, म्हणजे पुजारी ना? अर्धवट माहिती आम्हा मास्तरांकडे भरपूर. ती म्हणाली, पुजारीही, पण होडी घडवणारा, झाडपाला जाणणारासुद्धा. गुरूपाशी वर्षानुवर्षं राहून ज्याने विद्या मुरवली तो काहुना. बाहेरच्यांनी त्या शब्दाचा कधी मांत्रिक केला, कधी चेष्टेतला बडा साहेब. खरा काहुना मात्र स्वतःला तसं म्हणवत नाही, ते दुसऱ्याने म्हणायचं.

मी हे आबांना सांगितलं. त्यांनी तो शब्द दोनदा उच्चारून पाहिला. "माले मायनी शिकाडं," ते म्हणाले. "पन तुले येस, असं ती कधी बोलनी नही." सत्तरी ओलांडलेला माणूस, आईच्या 'तुला येतं' या एका वाक्यासाठी अजून खोळंबलेला... त्या दिवसापासून मलाही ते वाक्य हवंसं झालं. आबांच्या तोंडून.

शेवटची भेट मालेगावच्या दवाखान्यात. पर्समध्ये चाळीतले तीन कांदे नेले होते. "यातला आधी कोणता जाईल?" मी विचारलं. आवाज खोल गेला होता, तरी म्हणाले, "पहिले तुम्ही." मी तिन्हींच्या मानांवरून अंगठा फिरवला आणि दिसायला सगळ्यात देखणा, पण मानेशी जाड लागला तो दाखवला. आबांनी नकारार्थी मान हलवली, दुसराच उचलला. "हाऊ पहिले जाई." मी हिरमुसले. बारा वर्षं शिकून नापास. ते मिश्किल हसले. "ठेवीसन देखा."

गोंधळ नको म्हणून आबांच्या कांद्याला दोरा बांधला आणि तिन्ही नाशिकच्या स्वयंपाकघरात खिडकीतल्या टोपलीत ठेवले. काल सकाळी तिथून वास आला. हात घातला तर मी दाखवलेला कांदा मानेशी मऊ पडला होता. दोरा बांधलेला टणक. पहिल्यांदा हात फोनकडेच गेला. आबा, तुम्ही चुकलात, हे त्यांनाच सांगायचं होतं. केवढे खूष झाले असते. मग तिथेच खुर्चीत बसून रडले. ते खरंच चुकले, की मुद्दाम दुसरा उचलला, हे आता कळायचं नाही. पण मला हवं होतं ते वाक्य सांगितलं गेलं, आणि ते म्हणायचे तसं, कांद्यानेच सांगितलं.

दोऱ्याचा कांदा टोपलीतच आहे. आज चहा ठेवण्याआधी हात लावून पाहिला. अजून टणक आहे.