बँकॉकच्या काउंटरवर मावसभाऊ

आम्ही दोघं अकरा वर्षांचे जोडीदार. मी औरादच्या बाजारात तुरीचा व्यापारी, तो संतपूरच्या शाळेत मास्तर. बाहेरगावी लॉजवर उतरायचं झालं की काउंटरवर मी एकच सांगतो: मावसभाऊ. कलबुर्गीत कन्नडमधून, हैदराबादेत दख्खनी उर्दूतून, उदगीरला मराठीतून. तीन भाषांत इतक्या सफाईनं खोटं बोलणारा माणूस आमच्या तालुक्यात दुसरा नसेल.

बँकॉकला मात्र उघड जोडीनं राहायचं, असं मास्तरानं ठरवलं. हैदराबादच्या एका मैत्रिणीनं आमच्यासारख्या प्रवाशांसाठीचे सल्ले पाठवले होते. ते त्यानं शाळेच्या वहीत उतरवून घेतले. कुठल्या भागात उतरावं, दूतावासाचा नंबर जवळ ठेवावा, देवळात अंगभर कपडे घालावेत. अनोळखी माणसाला खोलीवर बोलवण्याआधी काय काळजी घ्यावी, हेही होतं. त्यापुढं त्यानं 'लागू नाही' असा शेरा मारला. 'एकच पलंग मागायला लाजू नका' या ओळीखाली लाल शाईच्या दोन रेघा ओढल्या, आणि हॉटेलला आधीच तसं कळवलंही.

"माझी एवढीच हौस हाय बघ," तो म्हणाला. "एकदा तरी खरं नातं सांगून खोली घ्यायची."

आणि मी काय केलं? सकाळी हॉटेलात पोचलो, काउंटरवरच्या बाईंनी हसून पासपोर्ट मागितले, आणि त्यांनी काही विचारायच्या आतच माझ्या तोंडून इंग्रजीत निघालं, "आम्ही मावसभाऊ." चौथी भाषाही बाटवली. बाई बिचाऱ्या ओशाळल्या, माफी मागून त्यांनी दोन पलंगांची खोली दिली.

खोलीत जाऊन मास्तर एका पलंगावर बसला, बूटही काढले नाहीत.

"कामून सांगितलास तसं?"

"सवय हाय रे. न विचारताच सांगून बसलो."

"इथं कोण विचारायलंय? गावचं भ्या एवढ्या लांब कशाला घेऊन आलास?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याचा हात धरून मी त्याला उठवलं आणि खाली नेलं.

काउंटरपाशी उभे राहिलो तोच मागं एक कुटुंब येऊन थांबलं, आणि आमचं नशीब असं की ते थेट आमच्याकडच्या मराठीत बोलत होतं. पण मी मास्तराचा हात सोडला नाही. मोठ्यानं इंग्रजीत म्हणालो, "मी खोटं बोललो. हा माझा भाऊ नाही, जोडीदार आहे. आम्ही आधी कळवलेली एका पलंगाचीच खोली द्या."

माझा जीव मुठीत.

मग त्या कुटुंबातल्या काकू काउंटरवरच्या बाईंना मराठीतच म्हणाल्या, "द्या की हो त्यास्नी लवकर. आमची लेकरं उपाशी हायत."

मास्तर भर काउंटरवर खदाखदा हसला. अकरा वर्षांत चार लोकांसमोर तो असा हसलेला मी पहिल्यांदाच पाहिला.