दिव्याला आत्ताच आणू नकोस

ताई, उधन्याच्या फलाटावर तू दिव्याला घेऊन गाडीत बसलीस, तेव्हा मी खिडकीपर्यंत आलो नाही. नळाजवळच उभा राहिलो. आपल्या खानदेशातून सुरतेला गाड्या भरून येतात; मीही एकोणिसाव्या वर्षी असाच आलो होतो. माझी आठ वर्षांची पोर मात्र उलट्या दिशेला निघाली होती, प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून. तो हात मी मोडला होता. तिने वहीचं पान फाडलं, एवढंच कारण.

आपला बाप म्हणायचा, "मार खादाबिगर पोर सुधरत नही." इथे सुरतेत डिंडोलीला खोली झाली, नळ घरात आला, पोर गुजराती बोलू लागली, पण बापाचं ते वाक्य मी गावाहून सोबत आणलं होतं. माझ्या बायकोने, मंगलने, तुला फोन करून बोलावलं, तेव्हा मी तिच्यावरच चिडलो. आता वाटतं, त्या घरात तेवढं एकच शहाणपणाचं काम झालं.

दर मंगळवारी सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे जातो. यंत्रमागाच्या कारखान्यात पाठीचं दुखणं सांगितलंय, नाहीतर वेडा म्हणून शेठ लूमवरून काढेल. तिथल्या मॅडम गुजराती. पहिल्याच दिवशी विचारलं, "गुस्सो आवे त्यारे शरीरमां पहेलां क्यां खबर पडे?" राग आला की अंगात आधी कुठे कळतं, असं मला कोणी कधी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, खांद्यात. मग त्यांनी शिकवलं, खांदा ताठला की बाहेर पडायचं आणि चालत सुटायचं. एकदा पर्वत पाटियापर्यंत गेलो. हसू नकोस, पायांचे तुकडे पडले, पण राग उतरला. गोळ्यांनी लूमवर डोळे मिटतात, तरी एक गोळी चुकवलेली नाही. मंगल म्हणते, माणूस बदलला.

त्याच भरवशावर होळीला तुझ्याकडे आलो. दिव्या ओट्यावर हरभरे सोलत होती, दोन्ही हातांनी. मला इतका आनंद झाला की रस्त्यावरूनच तिला बोलावलं. पण तोंडाने नाही. लूमच्या खडखडाटात आमच्याकडे हाक ऐकू येत नाही. कोणाला बोलवायचं तर हात डोक्याच्या वर धरायचा, समोरचा बघतो आणि येतो. इतक्या वर्षांची सवय. तसाच हात वर केला, मी हसतही होतो. दिव्याच्या मांडीवरचे हरभरे सांडले. तिने दोन्ही हात डोक्यावर घेतले आणि भिंतीला चिकटून बसली. तू धावत येऊन तिला पोटाशी धरलंस, आणि मी हात खाली घ्यायचंही विसरलो.

मॅडमना विचारलं, माझा इलाज चालू आहे, तिचं काय? म्हणाल्या, तिलाही दाखवा. तू तालुक्याला चौकशी केलीस; तिथला डॉक्टर महिन्यातून एकदा येतो, कधी येतच नाही. आणि आला तेव्हा दिव्या त्याच्याशी एक शब्द बोलली नाही. यावर मी काय करू, मला खरंच कळत नाही.

परवा तू फोनवर म्हणालीस, "भाऊ, आते तू बरा व्हयना ना? शाळा उघडनी की पोरले लई येस." पोरीला घेऊन येतेस म्हटल्यावर 'हो' अगदी जिभेवर आलं होतं. तिच्या दप्तराचा खिळा अजून रिकामा आहे.

पण आणू नकोस, ताई. पुन्हा मारणार नाही असं वाटतं, शपथ घ्यायची मात्र हिंमत नाही. आणि नाहीच मारलं, तरी या एवढ्याशा खोलीत ती दिवसभर माझ्या हातांवर नजर ठेवून बसेल. मंगलला रविवारच्या गाडीने तुझ्याकडे पाठवतो. पोरीजवळ आई असू दे. जिथे ती मान खाली घालून निवांत हरभरे सोलते, तेच तिचं घर. मी आलो तर हात खिशात घालून येईन, आणि तिने बोलावलं तरच ओट्यावर चढेन.