सात नंबरची बस

तिला सगळे कोनवाली म्हणत. पार्लरच्या मागच्या खोलीत बसून ती दिवसभर मेंदीचे कोन वळायची, म्हणून. कामाला लागली तेव्हा मॅडमनी तिच्यापुढे एक चोपडं टाकलं होतं. "यातली बावीस डिझाइनं पाठ कर. नवरीला मोर, करवलीला वेल, बाकीच्यांना उरेल ते." दोन वर्षं तिने इमानेइतबारे मोर काढले. सुरुवातीला बायका त्यांना कोंबडी म्हणायच्या, पुढे मोर म्हणायला लागल्या. एवढीच काय ती प्रगती.

मग एक नवरी हात न्याहाळत म्हणाली, "छानच झालंय हो. माझ्या होणाऱ्या जावेच्या हातावर पण हाच होता. तिच्या बहिणीच्या पण." बिचारी कौतुकानेच बोलली, पण कोनवालीला ते असं झोंबलं, की तिने पार्लरमध्ये परतल्या परतल्या चोपडं आपल्या खुर्चीच्या डुगडुगत्या पायाखाली सारलं. खुर्ची स्थिर झाली. कोनवाली मात्र बिथरली ती बिथरलीच.

तेव्हापासून तिचा एकच हेका. नवरीसमोर स्टूल ओढायचं आणि विचारायचं, "तुझं असं काय आहे, जे चोपड्यात नाही?" कुणी पाळलेलं कासव सांगितलं, कुणी वडिलांच्या दुकानातला वजनकाटा. एकीने आपला जाड भिंगांचा चष्मा तळहातावर काढून घेतला आणि लग्नात सगळ्यांना दाखवत फिरली. सासू, मावशी, फोटोग्राफर, कुणी काही सुचवायला लागलं की कोनवाली मान वर न करता म्हणायची, "हात तिचा आहे. तीच सांगेल." मॅडम मनातून धुमसायच्या, पण गिऱ्हाईक वाढत होतं, म्हणून तोंड मिटून होत्या.

ही आजची नवरी तर प्रश्न पुरा व्हायच्या आतच म्हणाली, "आईची गाडी. शाळेची. सात नंबर."

आईने चोवीस वर्षं शाळेची बस चालवली होती. नवरी तान्ही असताना ड्रायव्हरच्या सीटमागे टोपलीत झोपायची, मोठी झाल्यावर तिथेच बसून पाढे घोकायची. कोनवालीने उजव्या तळहातावर अख्खी बस काढली. खिडक्या, खिडक्यांतून डोकावणारी पोरं, पुढे ठसठशीत सात. आई आपल्याच घरातल्या सोफ्याच्या कडेवर अंग चोरून बसली होती. दर दहा मिनिटांनी वाकून हात बघायची, काहीतरी बोलायला तोंड उघडायची आणि तसंच मिटायची.

अडीच तासांत मेंदी वाळत आली आणि नवऱ्या मुलाची आत्या अवतरली. या आत्याला कशातच पडायचं नसायचं आणि तरी प्रत्येक गोष्टीत ती असायचीच.

"मला काय करायचंय म्हणा," तिने तळहातावर चष्मा रोखला, "पण हे काय? डबा?"

"बस आहे," नवरी म्हणाली. "आईची."

"बाई बाई! म्हणजे ड्रायव्हरची मुलगी आहे हे हातावर लिहून फिरायचं? मी आपली चांगल्यासाठी सांगते. ए मुली, यावर गडद मोर भर. पिसारा मोठा काढ, सगळं झाकलं जाईल."

आई पुटपुटली, "भर गं बाई मोर. कशाला वाद."

कोनवालीने दोघींकडे पाहिलंच नाही. "हात तुझा. तू बोल."

नवरीने तळहात कोनवालीपुढे धरला. "सात नंबर राहणार."

कोनवालीने लिंबू-साखरेच्या पाण्यात कापसाचा बोळा बुडवला आणि रंग अजून चढावा म्हणून बसवर टिपायला लागली. झालं! आत्याने थेट पार्लरच्या मॅडमना फोन लावला आणि आवाज मोठा करून कोनवालीसमोर धरला.

"अगं राणी, ऐक ना," मॅडमचा आवाज पाकात घोळून आला. "ताई आपल्या जुन्या गिऱ्हाईक आहेत. त्या म्हणतील ते भरून टाक हं. नाहीतर सोमवारपासून तुझी खुर्ची दुसरीला देते, बाळा."

पार्लर गेलं तर बाकीची सगळी लग्नं गेली. कोनवालीने बोळा पुन्हा पाण्यात बुडवला. मग ती म्हणाली, "द्या मॅडम. फक्त खालचं चोपडं काढू नका, खुर्ची डुगडुगते."

आत्याने फोन आदळला, बाजूचा ओला नॅपकिन उचलला आणि नवरीचा हात धरून खसाखसा पुसला. वाळलेल्या खपल्या सतरंजीवर सांडल्या. "घ्या! गेली तुमची बस."

कोनवाली फिसकन हसली. "गेली नाही, आत्याबाई. आली."

तळहातावर नारिंगी बस चक्क उभी होती. खिडक्या, पोरं, सात.

"उद्या लग्नाला उभी राहीपर्यंत चांगली गडद होईल," कोनवाली म्हणाली. "आता साबण आणा, नाहीतर राख आणा."

आत्या "मला काय करायचंय" म्हणत तरातरा बाहेर गेली. कोनवाली कोन गोळा करायला लागली. तेवढ्यात समोरच्या स्टुलावर कुणीतरी धपकन बसलं. आई होती. तिने तळहात पुढे केला. स्टिअरिंगने घट्टे पडलेला, रुंद.

"मला पण काढ. सात नंबर."

कोनवाली बघतच राहिली. "मघाशी तर तुम्ही मोर म्हणत होतात."

"मघाशी घाबरले होते," आई म्हणाली. "पण दोन तास जीव नुसता वरखाली होतोय माझा. अगं, दार तू ड्रायव्हरच्या बाजूला काढलंस! पोरं काय भर रस्त्यात उतरवू?"

नवरीला हसू आवरेना. कोनवालीने जीभ चावली आणि नवा कोन उचलला.

"आणि आरसे दोन काढ," आईने हात अजून पुढे सरकवला. "एका आरशावर मी गाडी कधी बाहेर काढली नाही."