गिरणी थांबली की

गिरणीवाल्या काकूंची भाताची गिरणी भर दुपारी अचानक गप्प झाली, की सगळ्या वैशाखरे गावाला कळायचं, मिलिंदचा फोन आला. काकूंचा हा एकुलता एक मुलगा फौजेत, सीमेवर. घरघरीत त्याचा आवाज ऐकू यायचा नाही, म्हणून त्या सरळ खटका बंद करत. भात अर्धवट राहिलं म्हणून कुणी कुरकुरलंच तर म्हणत, "तुजं भात काय पळून चाललंय रे?" भुवयांवर कोंडा, कानाला मोबाईल आणि "जेवलास का?" हा प्रश्न निदान तीनदा.

मध्यंतरी सीमेवर लढाईला तोंड फुटलं, तेव्हा गिरणीसमोरच्या माझ्या दुकानात टीव्हीपुढे गर्दी जमायची. सर्वांत मोठा आवाज माझा. "आता माघार नाय!" असं मी ओरडलो, तेव्हा काकू साबण घ्यायला आल्या होत्या. म्हणाल्या, "मिलिंदचा फोन आला की तुलाच देते. तूच सांग त्याला, पुढं जा म्हणून. माज्यानं नाय सांगवत." त्या रागावल्या नव्हत्या, म्हणूनच मला जास्त लागलं.

पण फोन येईना. काकू दम खायलाही गिरणी थांबवीनात. आम्ही टीव्हीचा आवाज बारीक केला आणि कान गिरणीकडे लावून बसलो. चौथ्या दिवशी ती थांबली, तसे आम्ही पाचसहा जण अनवाणीच धावलो. काकू दारात उभ्या होत्या. "लाईट गेलीय रे," त्या म्हणाल्या. दुकानातला टीव्हीही त्याच क्षणी बंद पडला होता, पण आम्हा शहाण्यांपैकी एकाच्याही ते लक्षात आलं नव्हतं! आमची पडलेली तोंडं बघून काकूंनाच आमची दया आली. "बसा, पाणी प्या. तुमी सगळे एवढी वाट बघताय, तर येईलच फोन."

दुसऱ्या दिवशी दुपारी बातमी आली, लढाई थांबली. एक परगावचं गिऱ्हाईक चिडलं, "आणखी ठोकायला पायजे होतं!" आठवड्यापूर्वी हे मीच बोललो असतो. देशासाठी लढावं लागतं, हे मला आजही पटतं. तरी मी विचारलं, "तुजं कोण हाय तिथं?"

"कोण नाय. का?"

"आमचा मिलिंद हाय."

तेवढ्यात समोरची गिरणी थांबली. मी आधी डोक्यावरच्या पंख्याकडे पाहिलं. तो फिरत होता.