साडेचार फुटांची लोसा आणि पानीकेके बॉइज

ओटारा उपनगराच्या रस्त्यांवर सव्वीस वर्षं बस हाकणारी लोसा कुणाच्या बापाला भीत नसे. दारू ढोसून चढलेल्या धटिंगणाला ती नुसत्या भुवया उंचावून खाली उतरवी. भीती एकाच गोष्टीची, उभ्या गर्दीची. उंची जेमतेम साडेचार फूट. बारा वर्षांपूर्वी पानीकेके बॉइज या रॅप करणाऱ्या जोडीच्या पहिल्या कार्यक्रमाला गेली, तेव्हा दोन तास तिला एका धिप्पाड टोंगन गड्याची पाठ तेवढी दिसली. शेवटी घुसमटून चक्कर आली आणि चौघांनी उचलून बाहेर काढलं. त्या दिवशी तिने कानाला खडा लावला.

वेड मात्र गेलं नाही. रिकामी बस डेपोत नेताना ती त्या दोघांचं रॅप मोठ्याने लावी आणि शब्दन् शब्द त्यांच्याबरोबर म्हणे. चर्चमध्ये पांढरी टोपी घालून बसणाऱ्या साठीच्या बाईला हे शोभत नाही, असं धाकटी बहीण सेफिना म्हणायची. लोसा या कानाने ऐकून त्या कानाने सोडून देई.

मग कळलं, जोडी फुटतेय. एकजण ब्रिस्बेनला चाललाय, शनिवारी दुपारी मैदानात शेवटचा कार्यक्रम. आता नाही तर कधीच नाही. लोसाला दोन दिवस जेवण गेलं नाही.

"मग जा की!" सेफिना म्हणाली.

"आणि पुन्हा पाठ बघून येऊ?"

"वाट मागितली होतीस का, ताई?"

"'सरका' म्हणून ओरडले होते."

"ओरडलीस? चारचौघांपुढून कसं जायचं, हे आईने शिकवलं नव्हतं का तुला?"

लोसा ओशाळली. सामोअन घरात तीन वर्षांच्या पोरालाही ते ठाऊक असतं. कंबरेत वाकायचं, एक हात खाली धरायचा आणि "तुलोउ, तुलोउ" म्हणत पुढे सरकायचं. माफीही मागून होते आणि वाटही.

शनिवारी ती सेफिनाबरोबर मैदानात पोचली तर समोर पाठींची भिंत.

"चल परत," ती म्हणाली.

"सव्वीस वर्षांत बस कधी अर्ध्या वाटेवरून परत आणलीस का गं?" सेफिनाने विचारलं.

लोसा कंबरेत वाकली. "तुलोउ... तुलोउ..."

पहिल्या दांडगटाने वळून पाहिलं आणि आजीची चप्पल आठवावी तसा झटकन बाजूला झाला. "ए, सरका रे! आंटी येतायत!"

भिंत फुटत गेली, ती थेट मंचापुढच्या कठड्यापर्यंत. मागोमाग डोक्यांवरून एक खुर्चीही आली. "बसा, आंटी."

बारा वर्षं कानात राहिलेले ते दोघे दहा हातांवर उभे होते. लोसाच्या डोळ्यांत पाणी आलं. पण बसलं की कठडा आडवा येई. चपला काढून ती सरळ खुर्चीवर उभी राहिली.

"ओ आंटी, आम्हाला दिसत नाही!" मागून कुणीतरी कळवळून ओरडलं.

"तुलोउ, बाळा," लोसा म्हणाली, आणि या खेपेला तसूभरही वाकली नाही.